हाताने जोडलेलं वायफाय: एका जुन्या लॅपटॉपच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

माळ्यावरचा जुना लॅपटॉप पुन्हा कामाला लावायचाय. डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) अगदी मोजकं टाकलंय. डेस्कटॉप नाही, माउसचा बाण नाही, काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर एवढंच. वायफाय आपोआप जोडून देणारा नेटवर्कमॅनेजर मुद्दामच टाकलेला नाही. इतकी वर्षं कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करून पासवर्ड दिला आणि पुढचं कोण करतं ते कधी विचारलं नाही, ते या निमित्ताने बघायचं. तारेचं पोर्ट मोडकं आहे. फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट घेता येतं हे माहीत आहे, पण तसं केलं तर हा उद्योग आज रात्रीच संपेल.

एक सोय करून घेते: कमांड इथे बोलते तशा लिहिणार. टंकताना त्या रोमन, लहान अक्षरांत.

सुरुवात एलएसपीसीआयने, म्हणजे मशीनमधल्या कार्डांची यादी देणाऱ्या कमांडने. यादीत इंटेलचं वायरलेस ७२६० दिसलं, म्हणजे कार्ड जिवंत आहे आणि मदरबोर्डला ते कळतंय. पण नेटवर्कचे इंटरफेस दाखवणारं 'आयपी लिंक' दिल्यावर 'एलओ' (मशीनचं स्वतःशीच बोलायचं इंटरफेस) आणि मोडक्या तारेचं इंटरफेस, दोनच नावं. वायरलेसचं काहीच नाही.

उत्तर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) नोंदींत सापडलं. आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर स्वतःहून लोड झाला होता, त्याने ७२६०-१७ नावाची फर्मवेअर फाइल मागितली होती आणि त्याला 'एरर उणे २' मिळाला होता. उणे २ चा कर्नलच्या भाषेत अर्थ साधा आहे: अशी फाइल नाही. खाली योग्य फर्मवेअर न मिळाल्याची ओळ, आणि तिथेच ड्रायव्हरने हात टेकले.

कार्डावर स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, पण त्याचा प्रोग्राम कार्डावर कायमचा बसलेला नसतो. दर वेळी ड्रायव्हर तो 'लिब/फर्मवेअर' मधून उचलून कार्डात भरतो. या प्रोग्रामचा सोर्स खुला नसल्याने डेबियन तो वेगळ्या कप्प्यात ठेवायचं. २०२२ मध्ये त्यांच्यात यावर मतदान झालं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असली फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागली. मी ड्रॉवरमधला २०२१ चा पेनड्राइव्ह वापरला. नवीन उतरवून घेण्याचा आळस, दुसरं काय.

दुसऱ्या मशीनवर पॅकेजं उतरवली: फर्मवेअरचं, आयडब्ल्यू (वायफायची माहिती आणि सेटिंग), आरएफकिल (रेडिओ बंद-चालू), डब्ल्यूपीए सप्लिकंट (पासवर्डची बोलणी). शेवटच्याने स्वतःच्या लायब्रऱ्या मागितल्या, त्यांनी आणखी एक मागितली. पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर तीन चकरा.

रविवार, ५ जानेवारी

फर्मवेअर बसवलं, ड्रायव्हर मॉडप्रोब या कमांडने काढून पुन्हा घातला. 'आयपी लिंक' मध्ये नवं नाव उगवलं: डब्ल्यूएलपी३एस०. पूर्वी याला सरळ डब्ल्यूलॅन० म्हणत. आताच्या नावात पत्ता आहे: वायरलेस, पीसीआय बस ३, स्लॉट ०. बोलायला त्रासाचं आहे, पण दोन कार्डं असली तरी बूट झाल्यावर त्यांची नावं आपसांत बदलत नाहीत. इथून पुढे मी त्याला 'कार्ड'च म्हणणार.

कार्ड 'अप' करायला गेले तर उत्तर आलं की आरएफकिलमुळे हे शक्य नाही. 'आरएफकिल लिस्ट' मध्ये दोन ओळी असतात: सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्ट असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' म्हटलं की सुटतं. माझं सॉफ्ट 'नो' होतं आणि हार्ड 'येस'. म्हणजे कुठेतरी खरंखुरं बटण आहे, आणि त्यापुढे रूटचंही (सर्वाधिकारी वापरकर्त्याचंही) काही चालत नाही.

बटण शोधायला पंधरा मिनिटं गेली. कीबोर्डवर नाही, कडेला नाही. शेवटी लॅपटॉप पोटावर धरून पुढच्या कडेखालून बोट फिरवलं तेव्हा नखाएवढी सरकपट्टी हाताला लागली. धुळीने गच्च. सरकवल्यावर हार्डही 'नो' झालं.

आता कार्ड अप आहे. तरी त्याच ओळीत 'नो-कॅरिअर' आणि शेवटी 'स्टेट डाउन' लिहून येतं, त्याने जरा गोंधळ उडाला. कंसातलं अप म्हणजे मी त्याला चालू राहायला सांगितलंय एवढंच. कुणाशी जोडलं न गेल्यामुळे स्टेट डाउन. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

मंगळवार, ७ जानेवारी

वीस मिनिटंच मिळाली. आयडब्ल्यूने स्कॅन केलं आणि निकाल फाइलमध्ये टाकून ठेवला, पडद्यावरून तो भर्रकन निघून जातो. आपलं नेटवर्क दिसतंय: नाव रोमनमध्ये 'अंगण', फ्रीक्वेन्सी २४३७ म्हणजे चॅनेल ६, सिग्नल उणे ४७ डीबीएम. उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल तगडा, उणे ४७ उत्तमच. आरएसएनचा भाग आहे, म्हणजे वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ पद्धतीची.

नावाच्या शेपटीला काहीतरी बॅकस्लॅश वगैरे दिसलं. छपाईतला कचरा असेल. उद्या पासवर्ड.

बुधवार, ८ जानेवारी

आज वाटलं होतं की संपेल.

आयडब्ल्यूकॉन्फिग नावाचं जुनं हत्यार अजून पुष्कळ लोक सांगतात. ते फार तर डब्ल्यूईपी या जुन्या सुरक्षापद्धतीची किल्ली लावू शकतं, आणि डब्ल्यूईपी २००१ मध्येच फुटलं. डब्ल्यूपीए२ ची बोलणी करायला डब्ल्यूपीए सप्लिकंट लागतो. राउटर आणि लॅपटॉप चार निरोपांची देवाणघेवाण करून दोघांकडे एकच किल्ली असल्याची खात्री करून घेतात, त्यात पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. ही बोलणी लॅपटॉपच्या बाजूने सप्लिकंट करतो.

त्याची कॉन्फिग फाइल छोटी: नेटवर्क नावाचा महिरपी कंस, आत एसएसआयडी (नेटवर्कचं नाव) आणि पीएसके (पासवर्ड किंवा त्यावरून काढलेली किल्ली). पासवर्ड उघडा लिहायचा नसेल तर 'डब्ल्यूपीए पासफ्रेज' ही कमांड नाव आणि पासवर्ड घेऊन ६४ आकडी षोडशमान (० ते ९ आणि ए ते एफ) किल्ली देते. पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहिला तर तो शेलच्या इतिहासात राहतो, म्हणून फक्त नाव द्यायचं आणि पासवर्ड ती विचारेल तेव्हा टंकायचा. गंमत म्हणजे कमांड जे छापते त्यात मूळ पासवर्ड हॅश लावून टिप्पणी म्हणून असतोच! ती ओळ हाताने पुसली. फाइलच्या परवानग्या ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल.

पहिली चूक लगेच. ६४ आकडी किल्ली मी सवयीने अवतरणात टाकली. अवतरणातलं ते सगळं पासवर्ड समजलं जातं, आणि पासवर्डची मर्यादा ८ ते ६३ अक्षरं. तक्रार नेमकी तशीच आली: लांबी ६४, अपेक्षित ८ ते ६३. एका अक्षराने हुकलं म्हणून कळलं तरी. अवतरणं काढली.

सप्लिकंट पुन्हा चालवला, पार्श्वभूमीत न पाठवता, समोरच. सुरू झाल्याची ओळ आली आणि मग शांतता. एरर नाही, जोडण्याचा प्रयत्न नाही, काहीच नाही. पाच मिनिटं बघत बसले. पासवर्ड तीनदा तपासला. राउटर दोन हातांवर आहे, सिग्नल उणे ४७, आणि हा गप्प.

वैतागून बंद केलं.

शनिवार, ११ जानेवारी

सप्लिकंटला 'वजा डी' लावला की तो मनातलं सगळं बोलून दाखवतो. पडदाभर ओळी धावल्या. प्रत्येक स्कॅननंतर तो सापडलेली नेटवर्कं एकेक तपासतो आणि नाकारलेल्या प्रत्येकाचं कारण लिहितो. शेजारपाजारच्या सगळ्यांपुढे 'स्किप, एसएसआयडी मिसमॅच', ते बरोबरच. पण 'अंगण'पुढेही तेच.

नाव तेच, अक्षरं तीच, पहिलं अक्षर मोठं हेही जुळतंय. मग जुळत काय नाही?

सप्लिकंट नाव एकेरी अवतरणात छापतो. माझ्या कॉन्फिगमध्ये शेवटचं अवतरण 'एन'ला चिकटून होतं. याच्या ओळीत ते एक घर लांब होतं.

मंगळवारची स्कॅनची फाइल उघडली. नावाच्या शेपटीचा तो 'कचरा' होता बॅकस्लॅश, एक्स, २०. षोडशमान २० म्हणजे दशमान ३२, म्हणजे स्पेस. मधल्या स्पेस आयडब्ल्यू तशाच छापतो, पण सुरुवातीची किंवा शेवटची असेल तर ती डोळ्यांना दिसावी म्हणून मुद्दाम अशी लिहितो. त्याने चार दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, मीच वाचलं नाही.

राउटर दादाने लावला होता. त्याला फोन केला.

"दादा, वायफायला नाव देताना शेवटी स्पेस मारली होतीस का?"

"मी कशाला मारू? फोनवरून टाइप केलं, कीबोर्डने शब्द सुचवला, तो घेतला. झालं."

झालंच. सुचवलेला शब्द घेतला की कीबोर्ड मागे स्पेस जोडून देतो.

"अगं, पण मग माझा फोन कसा लागतो त्याला?"

"तू नाव टाइप करतोस कुठे? यादीत दिसतं, त्यावर बोट ठेवतोस."

त्यावर तो म्हणाला की तूही तेच करायचंस. या घरात माझ्या प्रकल्पांची एवढीच किंमत आहे.

कॉन्फिगमध्ये नावाच्या शेवटी, अवतरणाच्या आत, स्पेस घातली. या वेळी जोडण्याचा प्रयत्न दिसला! असोसिएशनही (राउटरशी पहिली जोडणी) झालं. आणि मग: चार टप्प्यांचं हँडशेक फसलं, किल्ली चुकीची असू शकते. त्यानंतर नेटवर्क १० सेकंदांसाठी बाजूला ठेवल्याची ओळ, कारण 'राँग की'. पुढच्या वेळी २० सेकंद, मग ३०. दर चुकीला शिक्षा वाढते.

पासवर्ड बरोबर आहे हे मला पक्कं माहीत होतं. त्याच पासवर्डाने फोन शेजारी चालू होता.

चहा ठेवता ठेवता उलगडलं. ती ६४ आकडी किल्ली नुसती पासवर्डाची नसते. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घालून ४०९६ वेळा घुसळून ती निघते, नाव त्यात मिठासारखं पडलेलं असतं. मी बुधवारी किल्ली काढली ती स्पेस नसलेल्या नावाने. आज नाव सुधारलं आणि किल्ली मात्र जुन्याच नावाची ठेवली. कमांडला नाव अवतरणात, स्पेससह देऊन नवी किल्ली काढली आणि दोन्ही एकाखाली एक ठेवून पाहिल्या. ६४ आकड्यांत साम्य म्हणून नाही. एक न दिसणारं अक्षर काय बदललं, सगळी किल्लीच दुसरी.

नवी किल्ली घातली. 'कनेक्टेड'. आयडब्ल्यूच्या लिंकमध्ये राउटरचा पत्ता, २४३७, सिग्नल, वेग, सगळं.

एक विषयांतर. नेटवर्कचं नाव म्हणजे मुळात ३२ पर्यंत बाइट, अक्षरं वगैरे नंतर. देवनागरीतही ठेवता येतं, पण यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजून. म्हणजे फार तर १० चिन्हं. देवनागरी 'अंगण' १२ बाइटांत बसेल. आयडब्ल्यू मात्र ते सगळं बॅकस्लॅश-एक्सच्या माळेसारखं छापेल, आणि तेव्हा शेवटची स्पेस कुणाच्या बापाला दिसणार नाही.

रविवार, १२ जानेवारी

जोडलं गेलंय, पण पत्ता नाही. पत्ता आपोआप मिळवून देणाऱ्या डीएचसीपीकडे जाण्याआधी हट्टाने एकदा हाताने पत्ता दिला: १९२.१६८.१.५०. मग राउटरला डीफॉल्ट मार्ग करायला गेले तर 'नेक्स्टहॉपचा गेटवे अवैध'. पत्त्यामागे '/२४' (पहिले तीन आकडे सारखे असलेले सगळे शेजारी) लिहायचं राहिलं होतं. ते नसलं की आयपी कमांड '/३२' धरते, म्हणजे या जगात मी एकटी, शेजारी कुणी नाही. मग राउटर दारातच असून त्याच्यापर्यंत रस्ता कुठून असणार? पत्ता काढून '/२४' सह पुन्हा दिला, मार्ग बसला.

पिंग पायरीपायरीने. राउटर: आला. १.१.१.१ (बाहेरच्या नेटवरचा एक पत्ता): आला. नावाने: नावाचा पत्ता सापडत नाही, तात्पुरतं अपयश. रिझॉल्व्ह.कॉन्फ उघडली तर कोरी. हाताने पत्ता दिला की नावं कुणाला विचारायची तेही हातानेच सांगायचं असतं. नेमसर्व्हरची एक ओळ लिहिली आणि नावाने पिंग आला.

एवढं समाधान पुरे, मग ते सगळं पुसून डीएचसीपीने पत्ता मागणारा डीएचक्लायंट चालवला. त्याच्या चार ओळी बघायला मजा येते: कुणी आहे का, हा घे पत्ता, तोच मला दे, दिला. पत्ता, मार्ग, नेमसर्व्हर एका झटक्यात.

आणि तरी ॲप्ट अपडेट (पॅकेजांची यादी ताजी करणारी कमांड) अडलं! म्हणे रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. अजून? 'डेट' दिल्यावर २०२१ चा महिना दिसला. बोर्डावरचा बटणसेल मेलाय, त्यामुळे बंद केल्यावर लॅपटॉपला काळाचं भान राहत नाही. सिस्टमडी (बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारा) सुरू होताना घड्याळ स्वतःच्या जन्मतारखेच्याही (तो बनवला गेला त्या तारखेच्याही) मागे दिसलं की ते ओढून त्या तारखेवर आणतो, म्हणून २०२१. वेळ जुळवणारी सेवा मी मोजक्या इन्स्टॉलच्या नादात टाकलीच नव्हती. तारीख हाताने लावली, ॲप्ट चाललं, पहिली ती सेवाच उतरवली. सेल नवा आणायचाय.

शनिवार, १८ जानेवारी

आठवडाभर दर बूटनंतर तीन कमांड हाताने देत होते. आज ते कायमचं केलं.

सप्लिकंटसाठी सिस्टमडीची तयार सेवा आहे, तिच्या नावात '@' नंतर कार्डाचं नाव द्यायचं. ती आपली कॉन्फिग फाइलही त्याच नावाने शोधते, म्हणून जुन्या फाइलच्या नावात कार्डाचं नाव जोडलं. डीएचसीपीसाठी सिस्टमडी-नेटवर्कडी: एक चार ओळींची फाइल, कोणतं कार्ड आणि 'डीएचसीपी येस'. रीबूटसुद्धा न करता दोन्ही सेवा चालू केल्या आणि आयपी पाहिला.

एकाच कार्डावर दोन पत्ते! सकाळी हाताने चालवलेला डीएचक्लायंट पार्श्वभूमीत जिवंतच होता. त्याने आणि नेटवर्कडीने राउटरला आपली ओळख वेगवेगळी सांगितली, राउटरने दोन पाहुणे समजून दोघांना खोल्या दिल्या. डीएचक्लायंट मारला, रीबूट केलं. आता एकच पत्ता, लॉगिनचा पडदा येईपर्यंत नेट तयार.

रविवार, २६ जानेवारी

दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड देण्याची सोय) या लॅपटॉपवर काम करताना अक्षरं अडखळत उमटत होती. बाहेरून लॅपटॉपला पिंग करून पाहिलं: एखादा निरोप ३ मिलिसेकंदात, पुढचा ८० वर, मग पुन्हा ४. कार्डाचा पॉवर सेव्ह चालू होता. कार्ड डुलकी काढतं आणि राउटरच्या बीकनला (तो ठरावीक वेळाने देत असलेल्या हाकेला), साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी, डोळा उघडून माझ्यासाठी काही आहे का विचारतं. बॅटरीवर असताना शहाणपणाचं, पण हा लॅपटॉप कायम चार्जरवर. आयडब्ल्यूने बंद केला, पिंग सलग ५ च्या आत. बूटच्या वेळी आपोआप बंद होईल अशी छोटी सेवा लिहून ठेवली.

दादा काल म्हणाला की स्पेस काढून टाकतो, एक मिनिटाचं काम. नको म्हटलं. नाव बदललं की घरातला प्रत्येक फोन, प्रिंटर, टीव्ही नव्याने जोडावा लागेल, आणि ते मलाच करावं लागेल. त्यापेक्षा कॉन्फिगमध्ये नाव अवतरणाशिवाय, षोडशमानात लिहिलंय: ४१ ६ई ६७ ६१ ६ई २०, मधल्या जागा न ठेवता. शेवटचे दोन आकडे आता डोळ्यांना दिसतात. त्याच्या वर हॅश लावून एक ओळ: ही स्पेस खरी आहे, पुसू नये.